मॅकाडेमियाच्या झाडांना आंबील

वेळ अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी, उंड्यांसाठी बाजरीचं पीठ चाळता चाळता चंद्रव्वा अक्का मला हळूच म्हणाल्या, "परवा मशीन येतंय. तुज्या झाडांच्या तुकड्यात."

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या आणि चनबसप्पा भावजी होटगीच्या शिवारात वस्तीवर राहतात, आम्ही शहरात, जुळे सोलापूर भागात. सणाच्या तयारीला मी आदल्या दिवशीच जाते.

मी विचारलं, मशीन कशाला. अक्का म्हणाल्या, तुकडा सपाट करून द्राक्षाचा नवा मांडव टाकायचा घाट आहे. तुला सांगू नको म्हणालेत, सणाचं तोंड कडू होतंय म्हणून. एवढं बोलून त्यांनी पुढचं पीठ चाळणीत ओतलं. माझ्या हातातली चाळणी थांबली होती ती त्यांनीच हलवली.

तो तुकडा ओढ्याकाठचा, मुरमाड, तांबूस. बाकीच्या काळ्या रानासारखा चुनखडीचा नाही. पीक तिथं कधी धड आलं नव्हतं, म्हणून सासऱ्यांनी तो धाकट्याला, म्हणजे आमच्या ह्यांना, दाखवून ठेवलेला. ह्यांची नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात. शेतीत त्यांचा जीव नाही. म्हणून मी त्यांना विचारून तिथं मॅकाडेमियाची झाडं लावली.

हे नाव मीसुद्धा चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या भजनी मंडळाच्या बाया चिकमगळूरकडच्या एका मठात दर्शनाला गेल्या होत्या. मठाच्या मागं कॉफीचा मळा होता आणि मळ्यात ही झाडं, गर्द हिरवी, कडेला बारीक काटे असलेल्या लांबट पानांची. तिथल्या माळ्यानं जमिनीवरचं एक गोल तपकिरी फळ उचलून माझ्या हातात दिलं आणि फोडा म्हणाला. दातानं झालं नाही, दगडानं झालं नाही, निसटून उडायचं. मग त्यानं ते पायरीच्या खाचेत बसवून एक घाव घातला. आतला गर पांढरा, खाताना खोबऱ्यासारखा आणि गिळताना लोण्यासारखा. एवढं कठीण कवच आणि आत एवढं मऊ, हे देवाघरचंच काम, असं मला वाटलं. मी रोपं मागितली. परतीच्या बसमध्ये बायांनी एकेक रोप मांडीवर घेतलं होतं, लेकरू घ्यावं तसं. अक्कलकोट येईपर्यंत सगळ्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

आपल्या उन्हात ही टिकायची नाहीत, हे मला कळत होतं. पण माझ्या माहेरी पानमळा होता. पानवेलीला ऊन चालत नाही, वारा चालत नाही, तरी माझ्या वडिलांनी सोलापूरच्या वैशाखात पानं पिकवली. कशानं, तर शेवरीनं. आधी शेवरी दाट लावायची, तिच्या सावलीत वेल चढवायची. मी तेच केलं. झाडाच्या चहूबाजूंनी शेवरी, पश्चिमेला वाऱ्याच्या तोंडाला कडुनिंब, बुंध्याशी पालापाचोळ्याचा वीतभर थर. चैत्र-वैशाखात ओली गोणपाटं बांधायची. मठातून निघताना मी नेम घेतला होता, की रोज सकाळी अंघोळ, गळ्यातल्या लिंगाची पूजा, मग झाडांना पाणी, आणि त्यानंतरच तोंडात अन्न. लिंगपूजेआधी पाणीही न पिण्याचा नेम तर आईनं लावलेला. त्यामुळं रोज सकाळी स्कूटीवरून होटगीला जायचं आणि झाडांना पाणी देऊन, पुन्हा घरी येऊन जेवायचं.

लोक हसले. गुंडा धनगर एकदा मेंढरं घेऊन बांधावर थांबला, पानं चुरगाळून पाहिली आणि म्हणाला, "वैनी, माझ्या मेंढरानं तोंड लावलं न्हाय असलं झाड मी पयल्यांदा बगतोय. मेंढरू खाईना त्ये माणूस कशाला खाईल?" मी म्हटलं, माणूस फळ खाईल, मेंढरू कुंपणाबाहेर राहील, दोघांचंही बरं. तो हसत पुढं गेला.

भावजींनी मात्र मला कधी काही म्हटलं नाही. म्हणणार कसं? आमच्यात थोरला दीर आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून भावजी समोर आले की डोक्यावर पदर घ्यायचा आणि भिंतीला लागून उभं राहायचं. त्यांना काही सांगायचं तर ते ह्यांना सांगतात, नाहीतर अक्कांना. "सांग तिला," असं म्हणतात, मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी. माझं उत्तरही तसंच वळसा घालून जातं. मानाची पद्धत आहे म्हणून मी ती पाळली. तिच्यात वाईट काही दिसलंही नव्हतं, श्रावणापर्यंत.

श्रावणात मुलीच्या बाळंतपणाला मला पुण्याला जावं लागलं. पाणी अक्का घालणार होत्या. रोज सकाळी त्यांचा फोन आला, झाडांना पाणी मिळालं असं कळलं, की मी जेवायची. तेवढ्या दिवसांत भावजींनी झाडांना खत घातलं. त्यांच्या मनात चांगलंच होतं. बिचारी कस्तुरा गावाला गेलीय, झाडं तिच्या जिवाची, म्हणून त्यांनी स्वतःच्या द्राक्षासाठी आणलेलं सुपर फॉस्फेट प्रत्येक बुंध्याशी रिंगण करून मातीत मिसळलं. द्राक्षाला, डाळिंबाला, ज्वारीला, सगळ्याला ते सुपर घालतात. मुळी धरायला सुपर पाहिजेच, ही त्यांची आयुष्यभराची शेती.

आणि मठातल्या माळ्यानं मला एकच गोष्ट दोनदा बजावली होती, की ह्या झाडाला सुपर घालायचं नाही. त्याची मुळं केसासारखी असतात, मातीतलं कणभर ओढून घेतात, त्यांना भरपूर दिलं की विष होतं. मी हे ह्यांना सांगितलं होतं. ह्यांनी भावजींना सांगितलं होतं, की कस्तुराच्या झाडांना जास्त खत लागत नाही म्हणे. वळसा घालून गेलेल्या निरोपाचं असंच होतं. 'सुपर घालायचं नाही' याचं वाटेत 'जास्त लागत नाही' झालं.

मी परत आले तेव्हा पानं पिवळी पडली होती, शिरा तेवढ्या हिरव्या. भाद्रपदात पाच झाडं वाळली. भावजी बांधावर उभे राहून ह्यांना म्हणाले, "म्हादेवा, सांग तिला. म्या खतबी घातलं, तरी जगत न्हाईत. हितली माती त्यांना न्हाई म्हणत्येय." ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन आले. बुंध्याभोवतीची माती मुळं न दुखवता खरवडून काढली, टोपल्यानं ओढ्यात टाकली. जंगलातला कुजलेला पाला आणून भरला, थोडं गंधक मिसळलं. अक्काही दोन दिवस माझ्याबरोबर बसून खरवडत होत्या. दिवाळीनंतर उरलेल्या झाडांना शेंड्याला नवी पालवी आली. फिकी होती, पण होती.

ती पालवी भावजींनी पाहिली होती. तरी मशीन ठरवलं.

रात्रीच्या स्वयंपाकाला बसताना मला एक गोष्ट आठवली आणि मग झोप लागली नाही. आमच्या घराण्यात वेळ अमावस्येचा एक नियम आहे. त्या दिवशी रानात कडब्याची खोप करतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगांच्या पोळ्या यांचा नैवेद्य दाखवतात. मग ताकातल्या ज्वारीच्या आंबिलीचं भांडं घेऊन रानाला फेरी घालतात आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडतात. पुढचा ओरडून हाक देतो, मागचा भांडं घेऊन त्याला साद देतो. ह्याला चर म्हणतात. ज्या पिकावर चर पडली, ते पीक त्याचं फळ येईपर्यंत उपटायचं नाही, मोडायचं नाही, असं सासऱ्यांच्या वेळेपासून चालत आलेलं. एका वर्षी भावजींच्या करडईवर मावा पडला, सगळं रान चिकट काळं झालं, लोक म्हणाले नांगर फिरवा. चर पडली होती म्हणून भावजींनी फिरवला नाही. वाळून आपोआप पडेपर्यंत करडई उभी होती.

आधीच्या वर्षांत माझ्या तुकड्यावरही चर पडायची, कारण झाडांच्या ओळींत मी हरभरा टाकायची. यंदा सावली दाट झाली म्हणून हरभरा नव्हता. नुसती झाडं होती.

अमावस्येला सोलापूरहून पाहुणे आले, भावजींचे मित्र, अक्कांचे भाऊ. हेसुद्धा कुर्डुवाडीहून आले होते. पांडवांची पूजा झाली. भावजींनी घोंगडी पांघरली, हातात ज्वारीच्या पात्यांचा झुडका घेतला, ह्यांनी भांडं डोक्यावर घेतलं. दोघं भाऊ हाका देत निघाले. ज्वारीतून गेले, हरभऱ्यातून गेले, द्राक्षाच्या बागेतून गेले. मी खोपीजवळ उभी राहून बघत होते. ओढ्याच्या बांधापर्यंत आले आणि भावजी वळले. माझ्या तुकड्याकडं न बघता वळले. ह्यांनी एकदा मागं पाहिलं, पाय घोटाळला, आणि तेही वळले.

खोपीशी आल्यावर मी ह्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, झाडं राहिली. ते म्हणाले, "अण्णा म्हणतो, ते पीक न्हाई. जाऊ दे की. पाहुणे जेवायचे हायत."

 भांड्यात तळाला आंबील शिल्लक होती. मी भांडं उचललं, पांडवांपुढं टेकवलेला झुडका उचलला, आणि चालू लागले. मागून कोणीतरी, अक्कांचे भाऊ असतील, हसत म्हणाले की वहिनी कुठं निघाल्या.  पदर डोक्यावर होता, भांडं डोक्यावर ठेवायचं तर तो आड येत होता. मी तो खांद्यावर घेतला आणि कमरेला खोचला.

तुकड्याच्या तोंडाशी उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की हाक द्यावी लागणार. हाकेशिवाय चर होत नाही. मी भजनातसुद्धा मागच्या ओळीत बसते. माझा आवाज माझ्या घरातल्या मांजरालाही उठवत नाही, असं हे म्हणतात. पहिली हाक घशातच राहिली. दुसरी निघाली, चिरकली, पण निघाली. मागं साद द्यायला कोणी नव्हतं. मग सादही मीच दिली. पुढची हाक मी, मागची साद मी, असं करत एकेका झाडापाशी गेले. प्रत्येक पानावर आंबिलीचा थेंब पडेल असं शिंपडत गेले. जी पाच वाळली होती त्यांच्या जागांवरही शिंपडलं. शेवटच्या ओळीपर्यंत आवाज असा सुटला होता की ओढ्यापलीकडं गुंडाची कुत्री भुंकायला लागली.

परत आले तर खोपीजवळ पाहुणे जेवायला बसले होते. भावजी पंक्तीत बसले होते, माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. अक्कांनी माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "दर येळेला तूच जात जा बाई. ह्यांचं वरडणं शेळी व्याल्यावानी असतंय." मी पंक्तीत वाढायला लागले.

रात्री मी वस्तीवरच राहिले. पहाटे हे पहिल्या गाडीनं कुर्डुवाडीला गेले. जाताना म्हणाले, अण्णाशी भांडू नको. मी म्हटलं, भांडणार नाही, बोलणार आहे. ते चपला घालता घालता थांबले, पण गाडीची वेळ झाली होती.

उजाडताना पूजा आटोपून मी झाडांना पाणी दिलं आणि तुकड्यातच थांबले. उन्हं वर येताना मशीन आलं, पिवळं, बांधाएवढं उंच. पाठोपाठ भावजी आले आणि त्यांच्या मागं अक्का. मी मशीनच्या पुढं, पहिल्या झाडापाशी उभी होते. भावजी थबकले. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. हे नव्हते. मग ते अक्कांकडं वळले.

"सांग तिला, बाजूला हो म्हणावं. पातं लागंल."

अक्कांनी पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. "तुमीच सांगा. काल लई बोलले, माझं तोंड दुखतंय."

मशीनवाला पोरगा खाली बघून गालात हसला.  मग, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा, भावजी माझ्याकडं तोंड करून बोलले. डोळे मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडच्या शेवरीवर होते.

"बाईनं फिरवलेली चर धरत न्हाईत."

 मी म्हटलं, "कोण धरत नाही?"

"आपल्यात. आजवर कुणी बाई फिरली न्हाई."

"आजवर कुणी बाईनं झाडं लावली नव्हती. भावजी, आंबील तुमच्या माठातली, ज्वारी तुमच्या रानातली. पांडवांचा नैवेद्य अक्कांनी आणि मी केला, तो देवाला चालला. चर तेवढी चालत नाही?"

"रीत हाय ती."

"रीत मीही पाळते. आज सकाळी तुम्ही लिंगपूजा केलीत, मीही केली. आपल्या दोघांच्या गळ्यात एकच आहे. बाईच्या गळ्यातलं कमी आणि पुरुषाच्या गळ्यातलं जास्त, असं एकदा तुमच्या तोंडानं म्हणा. म्हणालात की मी बाजूला होते, मशीन घाला."

भावजींचा हात नकळत छातीवर गेला, सदऱ्याच्या आतल्या करडीवर, लिंगाच्या डबीवर.  ते रोज पहाटे उठून पूजेला बसणारे, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी ते विचारलं. दुसऱ्या कोणाला विचारलं नसतं.

"तसं म्या म्हणणार न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"मग चर पडली."

पोरगा वरून म्हणाला, मालक, डिझेल जळतंय, कुठं लावू. भावजींनी त्याच्याकडं पाहिलं, मग खाली ओढ्याच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या आपल्याच पड जमिनीकडं हात केला. मशीन घरघरत मागं सरकलं. बांध उतरताना त्याच्या दात्यानं शेवरीची एक फांदी मोडली, तरी मी जागची हलले नाही.

भावजी जायला वळले आणि परत फिरले. आता त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं.

"सुपर म्या काय वाईट व्हावं म्हणून घातलं व्हय?"

त्यांच्या आवाजात जे होतं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं, कारण त्यांचा आवाज माझ्याकडं कधी आलाच नव्हता. मी म्हटलं, "नाही. मला माहीत आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही मला विचारलं नाहीत. आता बोलतोच आहोत तर सांगते, ह्या झाडांना सुपर घालायचं नाही. कधीच. आणि उन्हाळ्यात सामाईक विहिरीच्या पाण्याची आमची पाळी आहे ती तशीच राहील."

"द्राक्ष वाळली तर?"

"तुमच्या पाळीचं पाणी तुमचं. माझ्या पाळीचं माझ्या झाडांचं."

"आन् यवडं करून तीबी मेली तर?"

मला खात्री द्यायची नव्हती, कारण माझ्याकडं ती नाही. चाळीस-पंचेचाळीसचा पारा, मातीतलं उरलेलं सुपर, पश्चिमेचा वारा. माळ्यानंसुद्धा मला वचन दिलं नव्हतं. म्हटलं, "मेली तर माझ्या हातानं उपटेन. तुमचं मशीन लागायचं नाही."

भावजी खाली पड जमिनीकडं निघाले. मशीनचा आवाज दुपारपर्यंत येत राहिला. मी तुकड्यातच थांबले, मोडलेली शेवरी बांधली, वाळलेल्या पाच झाडांच्या जागी खड्डे मोकळे करून ठेवले. पावसाळ्यात मठाला जाऊन नवी रोपं आणायची आहेत. अक्कांनी खोपीजवळून जेवायला हाक मारली, मी गेले नाही. दुसरी हाक मारली तेव्हा मी तिथूनच ओरडून सांगितलं, की मशीन रानाबाहेर जाईपर्यंत मी येणार नाही, ताट इकडं आणा.

थोरल्या जावेला मी आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता. अक्का ताट घेऊन आल्या. कालचे उंडे, कालची भज्जी, वर तेलाची धार. त्यांचंही ताट त्यांनी बरोबर आणलं होतं.